टोकाच्या काकू जाड का दिसतात? फोटोतल्या लेन्सच्या खोड्या आणि त्यांची दुरुस्ती

वास्तुशांतीचा, बारशाचा किंवा दिवाळीत सगळे जमले तेव्हाचा एखादा ग्रुप फोटो फोनमध्ये उघडून बघा. मधोमध बसलेले आजी-आजोबा जसे आहेत तसेच दिसतील. आता नजर हळूहळू कडेला न्या. टोकाला उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा आडवा पसरलाय, दंड एरवीपेक्षा जाड झालाय आणि कोपऱ्यातल्या भाच्याचं डोकं कुणीतरी बाहेर खेचल्यासारखं लांबुळकं झालंय. फोटो फॅमिली ग्रुपवर येतो, कुणीतरी गमतीत एखादी कमेंट टाकतं आणि पुढच्या कार्यक्रमात काकू फोटोसाठी उभ्याच राहत नाहीत.

यात काकूंच्या वजनाचा काही संबंध नाही. त्यांना मध्ये उभं केलं असतं आणि मधल्या काकांना टोकाला पाठवलं असतं, तर काका जाड झाले असते. ही खोडी लेन्सची आहे, आणि थोडी आपल्या उभं राहण्याच्या जागेची. लेन्सच्या अशा बऱ्याच खोड्या आहेत. त्यातल्या काही एडिटिंग अॅपमध्ये एका टॅपवर जातात, काही अर्धवट जातात आणि काही फोटो काढून झाल्यावर जातच नाहीत. कोणती कुठल्या गटात बसते हे कळलं की निम्मं काम होतं.

आधी एक छोटी चाचणी. स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या भिंतीसमोर किंवा खिडकीच्या ग्रिलसमोर उभे राहा आणि दोन फोटो काढा, एक साध्या १एक्सवर आणि दुसरा ०.५ किंवा ०.६ लिहिलेल्या अल्ट्रा वाइडवर. दोन्ही फोटोंच्या कडेच्या रेषा नीट बघा. रेषा मध्यभागी बाहेर फुगल्या असतील तर त्याला बॅरल डिस्टॉर्शन म्हणतात, कारण चौकोन पिंपासारखा दिसतो. आत ओढल्या गेल्या असतील तर पिनकुशन डिस्टॉर्शन. टाचण्या टोचून ठेवायच्या छोट्या उशीच्या कडा कशा आत गेलेल्या असतात, तसंच. पहिला प्रकार रुंद लेन्समध्ये दिसतो आणि दुसरा बहुधा झूम लेन्समध्ये.

कदाचित तुमच्या फोनवर रेषा बऱ्यापैकी सरळ दिसतील. पण त्याचा अर्थ लेन्स निर्दोष आहे असा होत नाही. फोनमधली लेन्स म्हणजे एकामागे एक रचलेल्या, बहुतेक प्लास्टिकच्या, इवल्याशा चकत्या असतात. एवढ्याशा जागेत सगळे दोष काढून टाकणं जमत नाही. म्हणून कंपनी लेन्स कुठे किती वाकते ते आधी मोजते आणि फोन प्रत्येक फोटो सेव्ह करण्याआधीच उलट्या दिशेने ताणून सरळ करतो. तुम्ही पाहता तो फोटो दुरुस्त झालेलाच असतो. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेरा विभागात ‘लेन्स करेक्शन’ नावाचं बटण आहे आणि ते आधीपासून चालूच असतं. काही अँड्रॉइड फोनमध्येही अल्ट्रा वाइडसाठी असं बटण कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये मिळतं. त्याचं नाव कंपनीनुसार बदलतं, पण नावात करेक्शन हा शब्द बहुधा असतोच.

मग फोन सगळं दुरुस्त करत असेल, तर काकू जाड का दिसल्या? गंमत अशी की त्या दुरुस्तीमुळेच!

रेषा सरळ हव्यात की चेहरे गोल?

शाळेतला जगाचा नकाशा आठवा. त्यात ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढा दिसायचा. प्रत्यक्षात आफ्रिका खंड त्याच्या सुमारे १४ पट मोठा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हटलं की कुठेतरी ताण द्यावाच लागतो. त्या नकाशात तो ताण ध्रुवांकडे जातो.

अल्ट्रा वाइड फोटोचंही तेच आहे. ही लेन्स एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साधारण १२० अंशांचं दृश्य पकडते. एवढं रुंद दृश्य सपाट पडद्यावर मांडताना दोनच पर्याय असतात. एक म्हणजे भिंती, खांब, दरवाजे सरळ ठेवायचे. मग कडेच्या गोष्टी बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. अशा लेन्सच्या अगदी कोपऱ्यात चेंडू ठेवला आणि सगळ्या रेषा काटेकोर सरळ ठेवल्या, तर तो चेंडू रुंदीच्या दुप्पट लांब असं अंडं होतो. दुसरा पर्याय म्हणजे चेंडू गोल ठेवायचा आणि भिंती वाकू द्यायच्या. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. हे गणितच आहे. महागडा फोन घेतला म्हणून ते बदलत नाही.

चित्रकारांना ही अडचण कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. व्हॅटिकनमध्ये राफाएलने १५०९ ते १५११ च्या दरम्यान काढलेलं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भलंमोठं भित्तिचित्र आहे. त्यातल्या कमानी आणि फरशी पर्स्पेक्टिव्हच्या नियमांनी आखलेली आहेत. नियम काटेकोर पाळला असता, तर उजव्या कडेला दोन माणसांच्या हातात असलेले गोल लांबुळके काढावे लागले असते. राफाएलने ते सरळ वर्तुळासारखे गोल काढले. इमारतीला एक नियम, माणसांच्या हातातल्या गोलांना दुसरा.

पाचशे वर्षांनी सॉफ्टवेअरही तिथेच पोहोचलं. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक पद्धत मांडली. फोटोत चेहरे कुठे आहेत ते आधी शोधायचं, तेवढ्या भागाचा ताण काढून टाकायचा आणि मागच्या भिंती सरळ राहू द्यायच्या. हल्लीच्या काही फोनमध्ये अशी दुरुस्ती आपोआप होते. म्हणूनच एकाच समारंभात एका फोनवर टोकाच्या काकू ठीक दिसतात आणि दुसऱ्या फोनवर पसरलेल्या.

तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तर? फोटो बागेत, समुद्रकिनारी किंवा डोंगरावर असेल, म्हणजे मागे सरळ रेषाच नसतील, तर फोटो काढण्याआधी ते करेक्शनचं बटण बंद करून बघा. झाडं थोडी वाकली तर कुणाला कळतं? चेहरे मात्र बरे येतील. फोटो आधीच काढून झाला असेल आणि एकाच टोकाचा माणूस जास्त पसरला असेल, तर स्नॅपसीडमधल्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ टूलने ती बाजू किंचित आत दाबता येते. इथे किंचित हा शब्द महत्त्वाचा. जास्त दाबलं की दुसऱ्या टोकाचे मामा फुगतात. संगणकावर काम करत असाल तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच दुरुस्ती करणारं टूल आहे, पण ते विकत घ्यावं लागतं.

खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे. १एक्सवर या, चार पावलं मागे जा आणि दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडा. फ्लॅटच्या हॉलमध्ये मागे जायला जागा नसेल तर एका लांबलचक रांगेऐवजी दोन-तीन रांगा करा. अगदी कडेला कुंडी येऊ दे, माणूस नको.

सेल्फीतलं नाक

याच घराण्यातली आणखी एक खोडी आहे आणि माझ्या मते ती सगळ्यात जास्त त्रास देते, कारण तिचा बळी शाळा-कॉलेजातली मुलं-मुली ठरतात. सेल्फी काढायचा, नाक झूम करून बघायचं आणि मन खट्टू करून घ्यायचं.

फोन चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर असतो. एवढ्या जवळून नाक कॅमेऱ्याच्या जितकं जवळ असतं, त्या मानाने कान बरेच दूर असतात. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून नाक मोठं आणि कान मागे दडलेले. अमेरिकेत चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये याचं गणितच मांडलं गेलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतो. ५ फुटांवरून काढला तर हा फरक जवळजवळ उरत नाही. सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणाऱ्यांना समजावून सांगता यावं, हा या हिशोबामागचा एक हेतू होता.

हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा परिणाम आहे. त्यामुळे कोणतंही लेन्स करेक्शन तो काढू शकत नाही. नाक लहान करणारी, जबडा निमुळता करणारी अॅप्स आहेत, पण ती दुरुस्ती नाही, अंदाज आहे. जवळून काढलेल्या फोटोत कानाचा जो भाग दिसलाच नाही, तो अॅप कुठून आणणार? त्यापेक्षा फोन कपाटावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, टायमर लावा, चार-पाच फूट मागे उभे राहा आणि नंतर फोटो क्रॉप करा. नोकरीच्या अर्जासाठी किंवा स्थळासाठी फोटो हवा असेल तर हे नक्की करा. घरात कुणी वयात येणारं मूल असेल, तर दोन अंतरांवरून त्याचे दोन फोटो काढून शेजारी-शेजारी दाखवा. समजावून सांगण्यापेक्षा ते जास्त पटतं.

जांभळी कड आणि काळे कोपरे

आता एडिटिंगमध्ये खरोखर सुटणाऱ्या खोड्यांकडे येऊ. भर दुपारी झाडाखालून वर बघत फोटो काढा आणि तो झूम करा. पानांच्या कडांना जांभळी किंवा हिरवी बारीक किनार दिसेल. याला क्रोमॅटिक अॅबरेशन म्हणतात. काच किंवा प्लास्टिक प्रत्येक रंगाला सारखंच वाकवत नाही. निळा जास्त वाकतो, तांबडा कमी. म्हणून लाल, हिरवं आणि निळं अशी तीन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. न्यूटनला तर हे लेन्सने सुटणारच नाही असं वाटलं, म्हणून त्याने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. पुढे दोन वेगळ्या प्रकारच्या काचा जोडून हा दोष बराच कमी करता येतो हे सिद्ध झालं आणि लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

सॉफ्टवेअरचा उपाय साधा आहे. तिन्ही रंगांच्या चित्रांपैकी जे किंचित मोठं झालंय ते लहान करायचं आणि पुन्हा एकावर एक बसवायचं. लाइटरूमच्या मोबाइल अॅपमध्ये ‘ऑप्टिक्स’ विभागात ‘रिमूव्ह क्रोमॅटिक अॅबरेशन’ हे बटण आहे. ते दाबलं की काम झालं, आणि फोटोचं नुकसानही जवळपास होत नाही. जी किनार तरीही राहते तिच्यासाठी काही सॉफ्टवेअरमध्ये ‘डीफ्रिंज’ असतं. ते मात्र जपून वापरा. ते कडेवरचा जांभळा रंग शोधून फिका करतं, आणि ती कड पैठणीच्या काठाची आहे की लेन्सची, हे त्याला कळत नाही. जांभळ्या काठाची साडी करडी झालेली पाहून जिची साडी आहे ती तुम्हाला माफ करणार नाही!

काळे कोपरे म्हणजे व्हिनेटिंग. लेन्समध्ये तिरपा शिरणारा प्रकाश सेन्सरपर्यंत कमी पोहोचतो. साध्या लेन्समध्ये ४५ अंश तिरका आलेला प्रकाश मध्यभागाच्या जेमतेम एक चतुर्थांश उरतो. फोन हेही आपोआप उजळतो. तरी राहिलंच, तर स्नॅपसीडच्या ‘व्हिनेट’ टूलमध्ये बाहेरचा ब्राइटनेस वाढवा. रात्रीच्या फोटोत हे करताना कोपऱ्यात रवाळ ठिपके वर येतील, कारण अंधारात मुळात जी माहिती कमी होती तीच मोठी करून दाखवली जाते. आणि एखाद्या देवघराच्या फोटोत समईभोवती उजेड आणि कोपऱ्यात अंधार छान दिसत असेल, तर तो तसाच राहू द्या की.

दिव्यांच्या फोटोतले लांब फराटे बऱ्याचदा लेन्सचे नसतातच, आपल्या बोटाच्या तेलाचे असतात. मऊ सुती कापडाने लेन्स पुसा, बस्स. पुसूनही फोटोत एखादा हिरवट ठिपका तरंगताना दिसला, तर तो लेन्सच्या आतल्या परावर्तनाचा. त्याची खूण अशी की तो दिव्याच्या बरोबर समोर, फोटोच्या मध्यबिंदूच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर असतो. स्नॅपसीडच्या ‘हीलिंग’ने आकाशावरचा ठिपका चुटकीसरशी जातो. चेहऱ्यावर आला असेल तर जरा कठीण.

मागे झुकलेल्या इमारती

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभं राहून फोन वर करून फोटो काढला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. इथेही दोष लेन्सचा नाही, फोन तिरका धरल्याचा आहे. आयफोनच्या फोटोज अॅपमध्ये क्रॉप करताना उभं आणि आडवं पर्स्पेक्टिव्ह सुधारता येतं. स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्हचा ‘टिल्ट’ आहे. लाइटरूममध्येही असं टूल आहे, पण मोबाइलवर त्याला पैसे पडतात. दोन गोष्टी सांभाळा. फोटो काढतानाच चारही बाजूंनी जास्तीची जागा सोडा, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात. आणि रेषा शंभर टक्के उभ्या करू नका. थोडा कल राहिला तर डोळ्यांना नैसर्गिक वाटतं, नाहीतर इमारत वरून जड दिसते.

दिल्लीच्या कुतुबमिनारला मात्र हे अजिबात करू नका. सुमारे ७३ मीटर उंचीचा हा मिनार पायथ्याशी १४ मीटरपेक्षा जास्त रुंद आहे आणि वर तीन मीटरही नाही. तो मुळातच निमुळता आहे. त्याच्या कडा समांतर करायला गेलात तर मिनाराची पाण्याची टाकी होईल. जेजुरीच्या दीपमाळांचंही तसंच. सरळ करायचंच असेल तर आजूबाजूचा एखादा खांब किंवा भिंत बघून करा.

आजोबांचा जुना फोटो

जुन्या अल्बममधले फोटो फोनवर उतरवण्याचं काम हल्ली घराघरात चालू आहे. यात वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या खोड्या एकत्र येतात. फोटो लहान असतो म्हणून आपण फोन अगदी जवळ नेतो. काही फोन एवढ्या जवळ गेलं की आपोआप अल्ट्रा वाइड लेन्सवर जातात आणि कडा वाकतात. त्याऐवजी दोन-तीन फूट दूर राहा आणि २एक्सवर काढा. फोटो खिडकीजवळ, सावलीच्या उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद ठेवा आणि फोन त्याला समांतर धरा.

तरीही चौकट थोडी तिरकी येईलच. ती स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्हच्या ‘फ्री’ पर्यायाने चारही कोपरे ओढून चौकोनी करा. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. कोपरे ओढताना फोटोची लांबी-रुंदी बदलते आणि आजोबांचा चेहरा नकळत लांबोडा किंवा बसका होतो. म्हणून मूळ फोटो आधी पट्टीने मोजून ठेवा. तो ४ बाय ६ इंच असेल, तर दुरुस्त केलेल्या फोटोचं प्रमाणही तेच यायला हवं. ज्या माणसाला नातवंडांनी कधी पाहिलंच नाही, त्याचा चेहरा त्यांच्यासाठी आता हाच असणार आहे. कागदपत्रं स्कॅन करणारी अॅप्स या कामासाठी टाळा. त्यांना पांढरा कागद आणि काळी अक्षरं हवी असतात, त्यामुळे जुन्या फोटोतल्या करड्या छटा उडून जातात.

करताना हे लक्षात ठेवा

कॅमेऱ्याने काढलेले फोटो असतील तर लाइटरूममध्ये ‘एनेबल लेन्स करेक्शन्स’ चालू केल्यावर ते लेन्सचं नाव ओळखून तिच्या मोजमापांनुसार दुरुस्ती करतं. संगणकावर फुकट हवं असेल तर डार्कटेबल आहे. ते लेन्सफन नावाच्या खुल्या संग्रहातली मोजमापं वापरतं आणि ती मोजमापं जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या लेन्सचे फोटो काढून दिलेली आहेत. फोनच्या साध्या जेपीईजी फोटोवर मात्र हाताने पुन्हा डिस्टॉर्शन काढत बसू नका. ते आधीच एकदा निघालेलं असतं. दुसऱ्यांदा काढलं की सरळ झालेल्या रेषा उलट बाजूला वाकतात.

दुरुस्ती नेहमी मूळ फोटोवर करा, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर नको. व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं आणि त्यातली कॅमेरा-लेन्सची नोंद काढून टाकतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला लेन्स ओळखताच येत नाही. लग्नाचे फोटो मागवताना मावसभावाला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ आणि सुधारलेला फोटो सेव्ह करताना वेगळी कॉपी करा. आज जे अॅप टोकाच्या काकूंचा चेहरा नीट करू शकत नाही, त्याच्या पुढच्या आवृत्तीला कदाचित ते जमेल, पण त्यासाठी मूळ फोटो तुमच्याकडे असायला हवा.